डांबर म्हणजे नेमकं काय काय? आमच्या साईटवरची एक भानगड

ओंगण
रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यात एका रस्त्याच्या कामावर साईट लॅब सांभाळतो. लॅब म्हणजे काय, पत्र्याचा कंटेनर, त्यात एक वॉटर बाथ, पेनिट्रोमीटर, रिंग-बॉलचा स्टँड आणि एक पंखा जो लाईन असली तर फिरतो. बीएस्सी केमिस्ट्री करून इकडं आलो. कॉलेजात डांबर हा शब्द एकदाही ऐकला नव्हता आणि आता कपाळावरच लिहिलाय, बायको म्हणते तुमच्या घामालाही डांबराचा वास येतो.

झालं असं की मागच्या मे महिन्यात आम्ही एक तुकडा टाकला, साधारण दीड किलोमीटर. माल व्हीजी-३० (डांबराचा एक ग्रेड), टँकरसोबत सर्टिफिकेट, मी इथं परत टेस्ट घेतली, सगळं पास. पेनिट्रेशन (म्हणजे सुई डांबरात किती रुतते ते) कमीत कमी ४५ लागतं, होतं. सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडायचं तापमान) कमीत कमी ४७ अंश लागतो, तोही होता. (पेनिट्रेशन २५ अंशाला घ्यायचं असतं आणि आमच्याकडे मे महिन्यात बोअरचं पाणीच ३५ ला येतं, त्यामुळे रोज सकाळी गोळेवाल्याकडून बर्फ आणून बाथमध्ये टाकतो, तो बिचारा समजतो साहेब लोकं लिंबू सरबत पितात.) तर सगळं पास असून जानेवारीच्या थंडीत त्या तुकड्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागल्या, मग जाळं झालं, आणि त्याच्या पुढचा तुकडा, जो आठ दिवसांनी दुसऱ्या टँकरच्या मालाने टाकला, तो ठणठणीत. गिट्टी तीच, चुरी तीच, रोलर तोच, माणसं तीच.

आमच्या सगळ्यांचा संशय पहिल्या टँकरवर. रस्त्यात कुठंतरी ढाब्यावर माल काढून त्यात गाडीचं जुनं जळकं ऑइल मिसळलं असणार, असं मीच छातीठोक सांगत होतो, कारण माल टाकताना निळसर धूर मी डोळ्याने पाहिला होता. मशीनवर तापमान १६० दिसत होतं म्हणजे आपली चूक नाही, मालातच भेसळ, असा माझा हिशोब.

प्रत्येक टँकरचा एक डबा आम्ही राखून ठेवतो, तो होता. माझा एक मित्र एमटेक करतोय, त्याच्या लॅबमध्ये दोन दिवस जाऊन बसलो आणि डांबराचे चार भाग वेगळे करताना पहिल्यांदा पाहिले. आतापर्यंत मी डांबर म्हणजे एकच काळी वस्तू समजत होतो, जसं मीठ म्हणजे मीठ. तसं नाहीये. आत चार प्रकारची मंडळी एकत्र नांदतात आणि त्यांचं बिनसलं की रस्त्याचं बिनसतं.

निकाल काय लागला ते सांगतो, पण आधी इथं कोणी रिफायनरीतलं असेल तर क्रूडपासून (कच्च्या तेलापासून) डांबरापर्यंत काय होतं ते जरा सांगा, माझं त्यातलं ज्ञान पुस्तकी आहे.

बोंडअळी
रविवार, रात्री १०:०५

भाऊ तुमी लॅबमध्ये बर्फ टाका नाईतर कुल्फी टाका, आमच्या गावचा रस्ता दर उन्हाळ्यात चपलेले चिकटते अन् दर पावसाळ्यात वाहून जाते. मांगच्या वर्षी माह्या बैलाच्या खुराले डांबर लागलं, दोन दिवस लंगडत होता. चार मंडळी नांदतात म्हणता, आमच्या रस्त्यात तर पाचवा पण असते, ठेकेदार, अन् तो सगळ्यात जड.

पण एक खरं सांगा, डांबर हे कोळशापासून बनते ना? आमच्या वणीकडे खाणी हायेत मंग डांबर महाग काऊन?

माहुलवाला
रविवार, रात्री ११:२०

बोंडअळी, प्रश्न चांगला विचारला. डांबर दोन प्रकारचं. कोळसा बंद भट्टीत भाजला की निघतं ते कोलटार, जुन्या काळी रस्त्याला तेच वापरायचे, लाकडाच्या खांबाला उधईसाठी लावायचे तेही तेच. कपाटात ठेवतो ती डांबरगोळी आठवा, ती नॅप्थॅलीनची, आणि नॅप्थॅलीन कोलटारमधून काढायचे म्हणून तिचं नाव डांबरगोळी. आता रस्त्यावर पडतं ते मात्र बिटुमेन, ते क्रूड तेलाच्या तळाला उरतं. आपल्याकडे दोन्हीला डांबरच म्हणतात आणि म्हणून हा घोळ. वणीच्या कोळशाचा आजच्या रस्त्याशी काही संबंध नाही.

मी वरुडचाच, बत्तीस वर्षं मुंबईला रिफायनरीत काढली, त्यातली बरीचशी व्हॅक्यूम युनिटवर. आता संत्र्याची बाग बघतो. ओंगण, तुम्हाला सांगतो.

क्रूड भट्टीत साडेतीनशे-तीनशे साठ अंशाच्या आसपास तापवून मोठ्या कॉलममध्ये सोडतात. वरून गॅस, पेट्रोलचा भाग, मग रॉकेल, मग डिझेल असं एकेका उंचीवरून निघतं. तळाला उरतं त्याला आम्ही आरसीओ म्हणायचो. आता कोणी म्हणेल अजून तापवा ना, अजून काहीतरी निघेल. तिथंच मेख आहे. याच्या वर तापवलं तर तेल उकळण्याऐवजी तुटायला लागतं, रेणू फुटतात, नळीत कोळसा धरतो. आमच्याकडे भट्टीच्या नळीत कोक धरला की शिफ्टमधल्या सगळ्यांचे चेहरे डांबरापेक्षा काळे. म्हणून पुढचा कॉलम निर्वातात चालवायचा, स्टीम इजेक्टर लावून हवेचा दाब इतका खाली आणायचा की जे साध्या दाबाला साडेपाचशे अंशाला उकळलं असतं ते चारशेच्या आतबाहेरच उडतं. डोंगरावर पाणी लवकर उकळतं तीच गोष्ट, फक्त खूप ताणलेली. त्यातून व्हीजीओ (एक जड तेल) निघतो आणि तळाला राहतो तो शॉर्ट रेसिड्यू. डांबराचा बाप तो.

आणि प्रत्येक क्रूडमधून डांबर होत नाही बरं का. मुंबई हायचं क्रूड, १९७४ ला सापडलं ते, हलकं आणि मेणचट, गंधक कमी. पेट्रोल-डिझेलसाठी सोनं, पण डांबरासाठी उपयोग नाही, तळाला पुरेसं जड काही राहतच नाही आणि राहतं त्यात मेण. राजस्थानचं मंगला क्षेत्राचं तर इतकं मेणाचं की पाईपलाईन गरम ठेवावी लागते. डांबर काढायचं असलं की आम्ही आखाती जड क्रूड घ्यायचो.

आता तुमच्या कामाची गोष्ट. व्हीजी-३० हे घट्टपणाचं नाव आहे, ६० अंशाला २४०० ते ३६०० पॉइज (घट्टपणा मोजायचं एकक). तो घट्टपणा कसा आणला हे त्यावर लिहिलेलं नसतं. कधी सरळ व्हॅक्यूम कॉलममधूनच तसा माल येतो. कधी रेसिड्यू पातळ असतो तर त्याला बीबीयूमध्ये घालतात, म्हणजे अडीचशे अंशाच्या आसपास गरम करून खालून हवा सोडायची, हवेतल्या ऑक्सिजनने तो घट्ट होतो. कधी फार घट्ट असतो तर त्यात पातळ मिसळतात. तिन्ही व्हीजी-३० म्हणून टँकरमध्ये भरले जातात, पोटात तिन्ही वेगळे.

पळसफूल
सोमवार, सकाळी ७:१५

काका खूप छान लिहिलंत. मी एमएस्सीला आहे, अमरावतीला. ओंगण दादा, ते चार भाग कसे वेगळे केले ते नीट सांगा ना. आम्हाला सिलॅबसमध्ये सारा ॲनालिसिस म्हणून एक ओळ आहे आणि सर म्हणाले नुसतं पाठ करा, सॅच्युरेट्स, ॲरोमॅटिक्स, रेझिन्स, अस्फाल्टीन्स. पण उकळून वेगळं होत नाही म्हणता तर मग कसं होतं?

ओंगण
सोमवार, दुपारी २:३० (लाईन गेली आहे, कंटेनरमध्ये बसवत नाही, लिंबाखाली बसून मोबाईलवर टाईप करतोय, चुका समजून घ्या)

काका, साष्टांग नमस्कार. बीबीयूचं माहितीच नव्हतं.

पळसफूल ताई, तुमच्या प्रश्नातच सगळं आलं. उकळून वेगळं करता येत नाही, कारण सगळ्यात जड भाग उकळायच्या आधीच जळून कोक होतो. मग काय करायचं, तर विरघळतं कशात आणि कशात नाही यावरून वेगळं करायचं. अस्फाल्टीन हे कुठल्या एका पदार्थाचं नावच नाहीये. हेप्टेनमध्ये विरघळत नाही आणि टोल्युइनमध्ये विरघळतं, जे जे असं वागतं ते सगळं अस्फाल्टीन. आमच्या गावात ‘बाहेरवाले’ म्हणतात ना, त्यात कोण कुठला कोणालाच ठाऊक नसतं, पण ग्रामसभेत कोण कुठं बसतो त्यावरून ठरतं, तसंच. हेप्टेनऐवजी पेन्टेन घेतलं तर आकडा बदलतो, जास्त येतो, म्हणून रिपोर्टवर कुठलं द्रावण वापरलं ते लिहावंच लागतं. नाव तसं जुनं आहे, बूसँगो नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये दिलं. तो मात्र उकळूनच वेगळं करत होता, उडालं त्याला पेट्रोलीन म्हणाला आणि मागं राहिलं त्याला अस्फाल्टीन.

आम्ही काय केलं. दोन ग्रॅम डांबर फ्लास्कमध्ये, त्यात एका ग्रॅमला शंभर मिली या हिशोबाने एन-हेप्टेन, वर कंडेन्सर लावून उकळत ठेवलं. सुरुवातीला तळाला चिकटून बसलेला काळा गोळा हळूहळू सुटतो आणि हेप्टेन कोऱ्या चहासारखं होतं. मग थंड करून अंधारात रात्रभर ठेवायचं. सकाळी फ्लास्क उजेडात धरला तर तळाला बारीक काळी पूड बसलेली. चुलीच्या काजळीसारखी नाही, बारीक, कॉफीच्या गाळासारखी. ती व्हॉटमन ४२ फिल्टर पेपरमधून गाळली.

इथं मी माती खाल्ली. मला घाई, मी फिल्टर पेपर थोडा धुतला, सुकवला, वजन केलं आणि खूश झालो, बघा अस्फाल्टीन किती भरलं, भेसळच आहे. मित्र हसला. म्हणाला, पुडीला चिकटून मेण आणि रेझिन राहिलंय त्याचं काय? तो पेपर घडी करून सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवला आणि गरम हेप्टेनने धूत राहिलो, वरून थेंब पडतो, भरतो, सायफन होऊन खाली जातो, परत भरतो, असं खाली येणारं हेप्टेन पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत. त्याला तीन तास लागले. मग टोल्युइन घातलं तर क्षणात पेपर पांढरा आणि खालचा फ्लास्क काळाकुट्ट. टोल्युइन उडवून जे उरलं ते चमकदार काळ्या-तपकिरी पापड्या, नखाने दाबलं की चुरा. चिकटपणा शून्य! डांबराचा सगळा काळेपणा घेऊन बसलेली ही वस्तू बोटाला चिकटत सुद्धा नाही हे मला अजून पटत नाही. वजन केलं तर पहिल्यापेक्षा बरंच कमी. म्हणजे माझा भेसळीचा अर्धा पुरावा नुसता न धुतलेला होता.

हेप्टेनमध्ये जे विरघळून गेलं त्याला माल्टीन म्हणतात. ते काचेच्या लांब नळीत, आत रात्रभर ओव्हनमध्ये भाजलेली सिलिका आणि अल्युमिना भरलेली, त्यावर वरून ओतायचं. आधी हेप्टेन सोडलं की सॅच्युरेट्स उतरतात, रंग जवळपास नाहीच, डांबरातून असं पाण्यासारखं तेल निघतं हे पाहून मी मित्राला म्हटलं तू बाटली बदलली. मग टोल्युइन, त्याबरोबर ॲरोमॅटिक्स, पिवळ्यापासून लालसर तपकिरी. खोलीतला लाईट बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर तो पट्टा निळसर चमकत खाली सरकताना दिसतो, पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो, रस्त्याच्या खड्ड्यात असं काही असतं हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शेवटी टोल्युइनमध्ये मेथॅनॉल मिसळून सोडलं की रेझिन्स उतरतात, काळे, गुळाच्या काकवीसारखे चिकट. सगळे काही उतरत नाहीत, थोडे अल्युमिनाला धरून बसतात, त्यामुळे चौघांची बेरीज शंभर कधी भरत नाही. जी भरते ती जुळवलेली समजा.

खडूफळा
सोमवार, रात्री ८:५०

मी आर्णी तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो. तुमचं वाचून राहवलं नाही, शाळेमागे डांबराचा जुना पिपा पडला होता त्यातला तुकडा घेतला, हेप्टेन कुठून आणू, म्हणून बाटलीत पेट्रोल घेतलं आणि टाकून ठेवलं. दुपारपासून बघतोय, सगळं काळं झालं, तळाला काहीच बसलं नाही. पोरं म्हणाली सर तुमचं अस्फाल्टीन पळालं. माझं काय चुकलं?

ओंगण
सोमवार, रात्री ९:१०

सर आधी ती बाटली बाहेर मोकळ्यावर न्या आणि पोरांपासून लांब ठेवा, जवळपास चूल, बिडी, स्वीच काही नको. मी गंमत करत नाहीये, आमच्या साईटवर पेट्रोलने मिक्स धुताना एकदा भडका झालेला मी पाहिलाय, माणूस वाचला पण भुवया गेल्या.

आता केमिस्ट्री. पेट्रोल म्हणजे नुसतं हेप्टेन नाही, त्यात ॲरोमॅटिक्स असतात, बीएस-६ मध्ये ३५ टक्क्यांपर्यंत चालतात. म्हणजे तुम्ही हेप्टेनमध्ये टोल्युइनचीच मंडळी ओतली, मग अस्फाल्टीन कशाला बसेल. दुधात लिंबू आणि सोडा एकदम टाकल्यावर पनीर होईल का? तसंच. शाळेत करायचं नकोच, त्याऐवजी पोरांना स्केचपेनच्या शाईचे रंग खडूवर चढवून दाखवा, काळ्या शाईतून निळा, गुलाबी, पिवळा निघतो. आमच्या नळीत जे चाललं होतं ते त्याचंच थोरलं भावंड.

पळसफूल
सोमवार, रात्री १०:३०

दादा, मी आज आमच्या सरांना विचारलं की अस्फाल्टीनच्या रेणूचं वजन किती. ते म्हणाले हजारो, पॉलिमरसारखं. मी लायब्ररीत पाहिलं तर नवीन लोक ७५० च्या आसपास म्हणतात. एवढा फरक कसा? आणि काकांना एक, क्रूडमध्ये व्हॅनेडियम कुठून येतं? पुस्तकात लिहिलंय जड भागात असतं, पण कसं ते नाही.

माहुलवाला
मंगळवार, सकाळी ६:०५

सर जुने दिसतात, माझ्यासारखे. आम्हीही हजारोच शिकलो. गोम अशी की हे रेणू एकमेकांना चिकटतात, चपट्या कड्या एकावर एक बसतात, भाकरीची चवड असते ना तशी. जुन्या पद्धतीने मोजलं की एक भाकरी न मोजता अख्खी चवड मोजली जायची. खूप पातळ द्रावणात मोजायला लागले तेव्हा एकेक भाकरी सुटी झाली आणि वजन साडेसातशेच्या आसपास उतरलं. टेह-फू येन यांनी १९६७ ला चवडीचं चित्र मांडलं होतं, नंतर ऑलिव्हर मुलिन्स यांनी ते सुधारलं, म्हणून येन-मुलिन्स मॉडेल म्हणतात. त्यावर अजूनही भांडणारे आहेत, रेझिन्स खरंच अस्फाल्टीनला धरून ठेवतात की नाही यावर तर मी दोन इंजिनीयर जेवण सोडून भांडताना पाहिलेत. माझं मत विचाराल तर धरून ठेवतात.

व्हॅनेडियमचं ऐक बेटा, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स नावाच्या जर्मन केमिस्टने क्रूडमध्ये पॉर्फिरिन शोधून काढलं. पॉर्फिरिन म्हणजे झाडाच्या हिरव्या रंगातली जी कडी असते, मधे मॅग्नेशियम, तीच कडी. वनस्पती, शेवाळ गाडलं गेलं, मॅग्नेशियम निघून गेलं आणि त्या जागी निकेल किंवा व्हॅनेडियम जाऊन बसलं. क्रूड हे जिवंत गोष्टींपासून झालं याचा तो पुरावा. आणि हीच व्हॅनेडियम-निकेलची मंडळी जड भागात गोळा होतात आणि रिफायनरीतल्या कॅटॅलिस्टचा (उत्प्रेरकाचा) जीव घेतात. आमच्याकडे जड माल आत घेताना पहिल्यांदा धातू किती ते विचारायचे, गंधक नंतर.

संत्र्याला पाणी द्यायची वेळ झाली, येतो.

बोंडअळी
मंगळवार, दुपारी १:१५

हे सगळं झाड, शेवाळ, भाकरीची चवड, वाचून मजा आली बाप्पा. पण मूळ गोष्ट राह्यली ना. ओंगण भाऊ, रिझल्ट सांगतो म्हणून तीन दिवस झुलवून राह्यले. टँकरवाला सापडला का नाई? का सेटिंग झाली?

ओंगण
मंगळवार, रात्री ९:५५

सांगतो. लाजत होतो म्हणून लांबवत होतो.

जुनं ऑइल मिसळलं असतं तर काय दिसलं असतं? इंजिन ऑइल म्हणजे बहुतेक सॅच्युरेट्सच, म्हणजे राखून ठेवलेल्या डब्यात तो भाग फुगलेला दिसला असता. शिवाय इंजिन ऑइलमध्ये झिंकवालं ॲडिटिव्ह असतं, म्हणून मित्राने एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं मशीन) झिंकही बघितलं. दोन्ही टँकरचे डबे शेजारी ठेवून सगळं केलं. सॅच्युरेट्स जवळपास सारखे, झिंक काही नाही, अस्फाल्टीनमध्येही सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे टँकरमधून उतरलेला माल स्वच्छ होता. मी ज्याच्या नावाने सहा महिने शिव्या घातल्या तो ड्रायव्हर निर्दोष.

मग रस्त्यातून कोअर (गोल नळकांड्यासारखे तुकडे) कापून आणले, भेगावाल्या तुकड्याचे आणि चांगल्या तुकड्याचे. सेंट्रिफ्यूजमध्ये ट्रायक्लोरोइथिलीनने गिट्टीपासून डांबर धुवून काढलं, रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावण उडवलं आणि परत तेच सगळं, सॉक्सलेटच्या तीन तासांसकट, ह्यावेळी घाई केली नाही. चांगल्या तुकड्यात अस्फाल्टीन थोडं वाढलेलं, तेवढं वाढतंच. भेगावाल्यात भरपूर वाढलेलं, आणि ॲरोमॅटिक्स तितकेच घटलेले. सॅच्युरेट्स मात्र जिथल्या तिथे.

हीच खूण. डांबर जास्त तापलं आणि हवा लागली की ॲरोमॅटिक्सचे रेझिन्स होतात, रेझिन्सचे अस्फाल्टीन होतात, सॅच्युरेट्सला ऑक्सिजन फारसा शिवत नाही. हलकं तेल उडून गेल्यामुळे घट्ट झालं असतं तर बाकी सगळ्यांचा वाटा सारखाच वर सरकला असता. इथं एकाचं कमी होऊन दुसऱ्याचं वाढलंय. म्हणजे जळालं. आणि जळालं आमच्याकडेच, ड्रम मिक्स प्लँटमध्ये, जिथं फिरत्या ड्रममध्ये गिट्टी तापवून डांबरात घोळतात. टाकीत डांबराचा साठा असतो तिथं हवा वरच्या वर लागते, पण ड्रममध्ये प्रत्येक खड्यावर कागदाएवढा पातळ थर, गरम गिट्टी आणि हवा. तुमच्या बीबीयूत जे मुद्दाम करता काका, ते आम्ही फुकटात आणि नको तिथे केलं. निळा धूर होता तो भेसळीचा नव्हताच, आमचाच होता.

माहुलवाला
मंगळवार, रात्री १०:२०

शाब्बास, हे कबूल करायला छाती लागते. पण एक टोचतो, राग मानू नका. रस्त्यातून काढलेल्या डांबराचं नुसतं पेनिट्रेशन घेतलं असतं तरी ते कडक झालंय हे कळलं असतं.

ओंगण
मंगळवार, रात्री १०:३१

कडक झालंय हे कळलं असतं काका, ते तर भेगा बघूनही कळत होतं. कशाने झालं हे कळलं नसतं आणि मी अजून टँकरवाल्यालाच धरून बसलो असतो, वर अजून एक आकडा हातात घेऊन.

अजून एक राहिलं. आयएस ७३ (डांबराचं भारतीय मानक) च्या २०१३ च्या आवृत्तीत हवेच्या तापमानानुसार ग्रेड दिलाय, सात दिवसांचं सरासरी कमाल ३८ ते ४५ असेल तर व्हीजी-३०, ४५ च्या पुढे व्हीजी-४०. आता आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको. टेंडरमध्ये आला तो ग्रेड आम्ही टाकतो. बोंडअळी भाऊ, तुमची चप्पल चिकटते त्याचं एक कारण हे असू शकतं, दुसरं म्हणजे डांबर जास्त पडलं की ते उन्हात वर येऊन तेलकट आरशासारखं चमकतं, आमच्यात त्याला ब्लीडिंग म्हणतात. तिसरं कारण तुम्ही आधीच लिहिलंय.

खडूफळा
मंगळवार, रात्री १०:४८

बाटली विल्हेवाट लावली, काळजी नसावी. स्केचपेन आणि खडूचा प्रयोग आज सातवीत केला, काळ्यातून गुलाबी निघाला तेव्हा एक पोरगी म्हणाली, सर मग डांबरातून पण गुलाबी निघेल का. मी म्हटलं पाण्यासारखं तेल निघतं असं ओंगण काका म्हणतात. तिचा विश्वास बसला नाही.

बोंडअळी
बुधवार, सकाळी ८:०२

पण भाऊ तुमी पयल्या पोस्टमध्ये लिवलं होतं का मशीनवर १६० दिसत होतं. मंग जळालं कसं? १६० त बरोबर असते ना?

ओंगण
बुधवार, दुपारी १:४०

हो, व्हीजी-३० ला मिक्स १५० ते १६५ च्या मधे असतं, १६० म्हणजे अगदी बरोबर. त्या आठवड्यात अवकाळी पडला होता, गिट्टी ओली आली म्हणून ऑपरेटरने बर्नर वाढवला. पुढं ऊन पडलं, गिट्टी कोरडी झाली, त्याने काट्याकडे बघितलं, काटा १६० वर, म्हणून त्याने काही कमी केलं नाही. मी पण काटाच बघत होतो.

आता नवीन डिजिटल बसवलाय ड्रमच्या तोंडाशी. जुना काट्याचा काढून कंटेनरमध्ये खिळ्याला अडकवलाय. प्लँट दोन दिवसांपासून बंद आहे, आणि तो अजून १६० च दाखवतोय.